मुकादमाचा गाळ

सकाळच्या चहाला मी फक्त एवढंच म्हणाले, "बाबा, मी काढू का तो गाळ?" समोरचा माणूस "छे छे, राहू दे" म्हणणार या भरवशावर जी वाक्यं बोलायची असतात, त्यांतलं ते एक. सासरे म्हणाले, "काढ."

त्यांचाही इलाज नव्हता. कंबर धरल्यामुळे ते हॉलमधल्या सोफ्यावर आडवे होते. समोरच्या मोठ्या टाकीत त्यांचा लाडका मासा (त्याला सगळे मुकादम म्हणतात, कारण एरवी तो दिवसभर फेऱ्या मारत घरावर देखरेख करतो) कोपऱ्यात तळाशी पडून होता. दोन दिवस त्याने तोंडात दाणा घेतला नव्हता. त्यामुळे बाबाही अर्धं ताट परत पाठवत होते.

मोठ्या टाकीच्या खालच्या कपाटात आणखी एक छोटी काचेची टाकी असते. वरचं पाणी तिच्यात उतरतं, स्पंजमधून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर ढकलतो. तिच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता.

"आज निघाला नाही, तर मुकादम काही राहत नाही," बाबा छताकडे बघत म्हणाले.

नवऱ्याने गाळ काढायला रविवारचा वायदा केला होता. कुठला रविवार, ते सांगितलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल. टोस्टरमधून ब्रेड वर आला तरी मी किंचाळते. टाकीच्या काचेवर बाबांनी ठसठशीत अक्षरांत पाटी चिकटवलीय, 'अचानक आवाज करू नये.' मुकादम बिचकतो म्हणून. त्याच्यासाठी या घरात सगळे हळू बोलतात. माझ्या पाठीमागे मात्र खुशाल शिंकतात.

त्यात मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. इतरांना जिथे नुसता गाळ दिसतो, तिथे मला दाट लोकवस्ती दिसते.

रबरी हातमोजे चढवून मी कपाटात डोकं घातलं. बाबांना सोफ्यावरून फक्त माझे तळवे दिसत असावेत. तरी सूचना सुरू झाल्या.

"आधी पंप बंद कर."

केला. आणि खालच्या टाकीतलं पाणी चढायला लागलं.

"बाबा! पाणी वर येतंय! पूर येतोय!"

"पंप थांबला की वरचं थोडं पाणी खाली उतरतंच. आपोआप थांबेल."

"हे आधी सांगायचं ना!"

"आधी सांगितलं असतं, तर तू पंपच बंद केला नसतास."

(हे खरं होतं.)

"आता नळी गाळात सोड, दुसरं टोक तोंडात धर आणि जरासं ओढ."

"तोंडात?"

"मी वीस वर्षं ओढतोय. मला काय झालंय?"

मी सोफ्यावर आडव्या पडलेल्या त्या देहाकडे पाहिलं आणि नळी सरळ बेसिनवर नेऊन पाण्याने भरून आणली. टोकाला अंगठा नीट दाबता यावा म्हणून उजवा मोजा काढून टाकीच्या काठावर ठेवला. डाव्या हाताने नळीचं एक टोक गाळात धरलं, दुसरं बादलीत सोडून अंगठा काढला. काळंकुट्ट पाणी भळाभळा बादलीत येऊ लागलं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की नवऱ्याला फोटो पाठवायचा विचार करत मी क्षणभर दुसरीकडे पाहिलं.

परत आत पाहिलं, तर गढूळ पाण्यातून एक हात वर येत होता. फुगलेला, पांढुरका, पाचही बोटं पसरलेली. तो सावकाश वळला आणि त्याने माझ्या मनगटाला स्पर्श केला.

"हात! बाबा, आत हात आहे!"

"असणारच. हात घातल्याशिवाय गाळ कसा निघेल?"

"माझा नाही! दुसऱ्याचा!"

यानंतर मी जी किंकाळी फोडली, तिचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मीच कानांवर हात ठेवले होते. बाबा सोफ्यावरून ताडकन उठले, दोन ढांगांत माझ्यापाशी पोहोचले आणि गाळाच्या बादलीत उभे राहिले. स्वयंपाकघरातून सासूबाई उलथनं उगारून धावत आल्या.

बाबांनी वाकून (वाकून!) टाकीत हात घातला आणि माझा उजवा मोजा बाहेर काढला. तो पाण्याने टम्म भरला होता.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "तुमची कंबर?"

सगळे कंबरेकडे बघू लागले. बाबांनी ती डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"सुटली की!"

"मग आता त्या बादलीतून पाय काढा. आणि हॉल तुम्हीच पुसा."

मला मात्र मुकादमाची धास्ती होती. एवढ्या आवाजाने त्याचं काय झालं असेल? भीत भीत मान वर केली. मुकादम कोपरा सोडून थेट काचेपाशी आला होता आणि आम्हा तिघांकडे टक लावून बघत होता.

"हा कसला बिचकतोय!" सासूबाई म्हणाल्या. "मजा बघतोय मेला."

उरलेला गाळ बाबांनीच काढला. स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून पंप सुरू केला. संध्याकाळी मुकादमाने चार दाणे मटकावले, आणि बाबांनी ताट चाटूनपुसून साफ केलं. सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या, "अगं, कंबर सुनेनेच सोडवली. औषध कसलं? ओरडली!"

मला वाटलं, चला, या घरात आपल्याला काहीतरी स्थान मिळालं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. टाकीच्या काचेवरची पाटी गायब होती. चहा करायला मी स्वयंपाकघराचं दार लोटलं, तर ती पाटी समोरच्या भिंतीवर, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, नव्या चिकटपट्टीने लावलेली होती. 'अचानक आवाज करू नये.'

ती अशी एकदम समोर आल्यामुळे मी किंचाळले.

आतून बाबांचा आवाज आला, "कंबर ठीक आहे गं आता!"