दारातलं पीसमेकर

खंडेनवमीला श्रीनिवास दबीर दरवर्षी लॅपटॉपला हळदकुंकू वाहायचे आणि दरवर्षी मनातून खट्टू व्हायचे. पूजा शस्त्रांची, आणि पाटावर काय, तर कीबोर्डच्या फटीत अडकलेल्या अक्षता. आंग मो किओच्या कारखान्यात ते संगणकाच्या चिप्स तपासत, पण जीव जडला होता कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांवर. पुस्तकं वाचून त्यांना स्क्रू न् स्क्रू पाठ झाला होता. हातात मात्र एकदाही धरलं नव्हतं. सिंगापुरात खरं राहू दे, खऱ्यासारखं दिसणारं खेळणं बाळगायचीही चोरी.

२०१३ साली नवमी रविवारी आली आणि श्रीनिवासना अंथरुणातच सुचलं, की रांगोळीचं रिव्हॉल्व्हर काढायला कुणाचा परवाना लागत नाही.

बायको निशिगंधा साखरझोपेत होती, नाहीतर तिने रांगोळीचा डबाच लपवला असता. त्यांचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज तिसऱ्यांदा गेला होता. उत्तर येईपर्यंत या घराबद्दल कुणाची बारीकशी तक्रारही होता कामा नये, असा तिचा कायदा होता. फोडणी खिडकी लावून, चपला आत, आणि भांडण कुजबुजत.

श्रीनिवास उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले. हळद घेतली मुठीसाठी, कुंकू घेतलं चक्रासाठी, निळीची चिमूट नळीसाठी. बोटांतून रेघ अशी उतरली, की जणू आईच्या आईपासून ती तिथेच वाट बघत होती. साकारलं ते कोल्टचं १८७३चं पीसमेकर. नळीचं तोंड शेजारच्या मिसेस टॅनच्या दाराकडे ठेवणं बरं दिसणार नाही, म्हणून शेजारधर्माला जागून त्यांनी ते स्वतःच्या दाराकडे वळवलं आणि समाधानाने अंघोळीला गेले.

तेवढ्यात हौगांगहून प्रबोध कारखानीस जेवायला आले. हे बँकेत हिशेबनीस, आणि रिव्हॉल्व्हरांच्या बाबतीत श्रीनिवासचे एकमेव वाचक, श्रोते आणि शत्रू. कोल्टचा खरा वारसा कोणतं रिव्हॉल्व्हर सांगतं, यावर दोघांचा वाद बारा वर्षं पेटलेला होता. श्रीनिवास पीसमेकरचे, प्रबोध १९५५च्या पायथनचे. दारात पीसमेकर पाहून प्रबोधना राहवेना. त्यांनी रांगोळीची चिमूट घेतली आणि नळीच्या पाठीवर पायथनला असतात तशा खिडक्यांची ओळ काढली. मग लोटलेलं दार ढकलून साळसूदपणे आत गेले आणि नुकत्याच उठलेल्या निशिगंधाकडे चहा मागितला.

बाजारातून परतलेल्या मिसेस टॅनना दिसलं ते एवढंच : भल्या माणसांच्या दारात तांबडं-पिवळं पिस्तूल, तेही घराकडे रोखलेलं. कुणीतरी बिचाऱ्यांना धमकी दिली होती. सत्तरीच्या त्या माउलीने पिशवी खाली ठेवली आणि पोलिसांना फोन लावला.

सार्जंट आला तेव्हा दार निशिगंधाने उघडलं. त्याने काळजीच्या सुरात विचारलं, की तुमचं कुणाशी वैर आहे का. तिने खाली पाहिलं आणि तिला आपला अर्ज लिफ्टने खाली जाताना दिसला. पण बाई पुण्याची. क्षणभरही न अडखळता तिने सांगितलं, की आज आमच्याकडे अवजारांची पूजा असते आणि हे ड्रिल मशीन आहे. मागून डोकं पुसत आलेल्या श्रीनिवासच्या काळजात कळ आली. त्यातच नळीवरच्या खिडक्या दिसल्या. त्यांनी प्रबोधकडे पाहिलं. प्रबोध चहात पाहत होते.

सार्जंट वही मिटणारच होता, इतक्यात मिसेस टॅन पुढे झाल्या. "ड्रिल? मग दर रविवारी सकाळी भिंत पोखरता ते तुम्हीच की! सहा महिने शोधतेय मी."

सार्जंटने पेन पुन्हा उघडलं. आवाजाची तक्रार, म्हणजे लेखी, नावानिशी. निशिगंधाने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "अहो, सांगून टाका काय ते."

श्रीनिवासनी छाती काढून सांगितलं, की हे रिव्हॉल्व्हर आहे, आणि ते मी काढलंय. सार्जंटने मान हलवली. घाबरलेली माणसं असंच सांगतात, तो म्हणाला. तुम्हीच काढलंत याला पुरावा काय?

आयुष्यात पहिल्यांदा सरकारने त्यांना या विषयावर बोलायला सांगितलं होतं. श्रीनिवास उकिडवे बसले आणि एकेका भागावर बोट ठेवत निघाले. हा घोडा, दर गोळीला हाताने मागे ओढायचा. हे सहा गोळ्यांचं चक्र. कोल्ट म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते हेच. "आणि या खिडक्या माझ्या नाहीत. कुणा नतद्रष्टाचं काम आहे ते."

"नतद्रष्ट काय?" प्रबोधनी कप ठेवला. "डोळ्यांपुढे उभं राहणं म्हणजे वारसा नव्हे, दबीर. कंपनी ऐंशी वर्षांत जे शिकली, ते सगळं पायथनमध्ये ओतलंय. हाताने जुळवलेलं, आरशासारखं निळं."

"आणि परवडेना म्हणून बंद पाडलेलं. पीसमेकर अजून बनतंय."

"बनतंय ते कौतुकापोटी. गरज म्हणून कोण घेतो?"

इंग्रजी पुरेनाशी झाली तसे दोघे मराठीवर आले. सार्जंटची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. निशिगंधा सवयीने "हळू बोला" म्हणायला पुढे झाली आणि थबकली. सार्जंटचं पेन थांबलं होतं. चेहऱ्यावरची शंका उतरून तिथे निखळ कंटाळा पसरत होता. धमकावलेली माणसं अशी भांडत नाहीत, आणि धमकावणारी तर नाहीच नाही.

"भावजी," ती गोड आवाजात म्हणाली, "सार्जंटसाहेबांना त्या खिडक्यांचं समजावून सांगा ना. सविस्तर."

खिडक्यांचं झालं, निळाईचं झालं, चाप किती हलका यावर पाऊण तास गेला. मिसेस टॅन मासे खराब होतील म्हणून आत गेल्या, जाताना निशिगंधाचा हात दाबून गेल्या. शेवटी सार्जंटने वही मिटली, एक अक्षर न लिहिता. संध्याकाळपर्यंत कॉरिडॉर पुसा, म्हणाला. लिफ्टचं बटण दाबून तो वळला आणि उपकार केल्यासारखा बोलला, "खरं सांगू, अंकल? मला दोन्ही सेमच वाटतात."

लिफ्ट गेली.

"सेम?" श्रीनिवास म्हणाले.

"सेम म्हणाला," प्रबोध म्हणाले.

जेवायला वाढताना निशिगंधाने पाहिलं, तर बारा वर्षांत पहिल्यांदाच दोघे टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला दोन्ही सेम कशी नाहीत ते एकसुरात समजावून सांगत होते. तिने खुर्चीपुढेही एक पान मांडलं आणि खिडकी सताड उघडून वरणाला फोडणी दिली.