भास्कररावांची मिक्सटेप

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता. पण तो या गोष्टीत येत नाही, कारण त्याला तालाचं अंग नव्हतं. आपली गोष्ट आहे भास्करराव धनेश पक्ष्याची. ते सॅक्सोफोन वाजवत. जॅझ!

"ठरलेलं वाजवलं तर ती वरात," ते म्हणत. "न ठरलेलं वाजवलं तर जॅझ."

त्यांची बायको सुमती तेव्हा उंच झाडाच्या ढोलीत होती. धनेशांची रीतच तशी. मादी आत बसते, दार चिखलानं लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. नवऱ्यानं फळं आणून भरवायची. आत दोन पिल्लंही नुकतीच अंड्यातून बाहेर आली होती.

नेमकं तेव्हाच भास्कररावांच्या मनात आलं, की जॅझ आणि रॅप एकत्र करून मिक्सटेप काढावी. रॅप म्हणजे यमकातलं भांडण. त्यासाठी आला खंडू वानर. ठेक्याला आला गणपा सुतारपक्षी. आवाज छान घुमतो म्हणून सगळे त्याच झाडाखाली बसले.

पहिल्या दिवशी भास्कररावांनी वीस उंबरं आणली. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी नुसती एक नवी धून आणली.

"अहो, उंबरं!" सुमती फटीतून म्हणाली.

"अगं, रेकॉर्डिंग चालू आहे!"

खाली खंडू भुकेवर रॅप करत होता. दोन्ही गालांत केळी होती, त्यामुळे 'भूक' हा शब्द 'बूफ' असा येत होता. भास्कररावांचे डोळे पाणावले.

"काय वेदना आहे रे तुझ्या आवाजात!"

पिल्लांनी चिवचिवाट केला. सुमतीचं डोकं फिरलं. तिनं आतून खोडावर चोच आपटली. ठक! ठक-ठक!

"दाराला माती, पोटात आग,
बाप वाजवी भोंगा, पोरांनो जाग!
कालचा उपास, आजचा उपास,
तुमचा तो सूर, आमचा तो फास!"

गणपा आयुष्यात पहिल्यांदा एका ठेक्यावर टिकला. खंडूनं आ केला आणि केळी खाली पडली. हरणं नाचली, डुकरं नाचली, एक कासव तर इतकं नाचलं की उलटं झालं आणि तसंच फिरत राहिलं.

"वन्स मोअर!" जंगल ओरडलं.

"वहिनी, तुम्ही आमच्यातल्याच!" खंडू ओरडला.

"अगं, फक्त 'उपास'वर जरा जोर दे," भास्करराव म्हणाले.

सुमतीनं जोर दिला, पण दारावर. लिंपण ढासळलं. ती बाहेर आली आणि सरळ भास्कररावांसमोर उतरली. ते आलिंगनासाठी पंख पसरून उभे राहिले.

"मी उंबरं आणायला जाते. तुम्ही आत बसा."

"पण माझा सोलो राहिलाय!"

तिनं त्यांच्या गळ्यातला सॅक्सोफोन काढून घेतला. त्याचं तोंड चांगलं रुंद होतं. तीस उंबरं सहज मावली असती. तो चोचीत धरून ती उडाली.

मिक्सटेप निघाली. तुफान चालली. वर नाव होतं, 'भास्करराव आणि मंडळी'. खाली बारीक अक्षरांत, 'ढोलीतला आवाज: घरचाच'. शेवटच्या तीन गाण्यांत सॅक्सोफोन नव्हताच. त्यावर जंगलातले थोर समीक्षक घुबडराव लिहिते झाले, "न वाजवण्याचा असा धाडसी प्रयोग भास्कररावच करू जाणे."

भास्कररावांनी ते ढोलीत बसून पिल्लांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता दोन्ही पिल्लांनी भला मोठा आ वासला.

"भारावली बिचारी," भास्करराव म्हणाले, आणि त्यांनी परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

तात्पर्य: उत्तम कलेसाठी उपास सोसावाच लागतो. तो आपणच सोसला पाहिजे, असं मात्र नाही.