हर्षोल्हास समितीची तालीम

परग्रहावर गाडी उतरवणे हे अत्यंत जबाबदारीचे काम असल्याने ते कोणा एकाच्या अंगाशी येऊ नये, याची दक्षता घ्यावी लागते. या संस्थेने ती पुरेपूर घेतली होती. गाडी इतकी लांब उतरणार होती की इथून दिलेला हुकूम पोचेपर्यंत उतरण्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असणार. म्हणजे ऐन वेळी माणसांच्या हाती एकच काम उरते, आनंद व्यक्त करणे. निदान ते तरी चोख व्हावे म्हणून हर्षोल्हास समिती नेमण्यात आली. (दुःखासाठीही समिती नेमावी, ही सूचना अभद्र म्हणून फेटाळली गेली.)

चाकवाल्या बाईंना मात्र भलताच घोर लागला होता. गाडीची सहाही चाके त्यांनी घडवलेली. पुढचे डावे चाक भुसभुशीत मातीत रुतेल अशी त्यांना धास्ती होती आणि ते तपासायला संस्थेचे वाळूचे मैदान हवे होते. तिथे समितीची तालीम चालू होती. (वाळूत उड्या मारल्याने गुडघे शाबूत राहतात, असा वैद्यकीय अभिप्राय होता.)

"साहेब, एक दुपार मैदान द्या हो," बाई काकुळतीला आल्या.

"बाई, अजून मिठ्या बसल्या नाहीत," समितीप्रमुख म्हणाले. "तिसऱ्या रांगेतले चौसष्ट टक्के लोक भलत्यालाच मिठी मारतायत. जगात हसं होईल. चाकाचं काय एवढं? गोल आहे ना?"

चाक गोल होते. बाईंचा मुळातच चिंताक्रांत चेहरा पाहून त्यांना पहिल्या रांगेत 'डोळे पुसणे' हे काम देण्यात आले.

"झाली का चाचणी?" रात्री नवऱ्याने विचारले.

"रडायची झाली," बाई म्हणाल्या.

गाडी अलगद उतरली. टाळ्या, उड्या, मिठ्या, सारे कसे ठरल्याबरहुकूम पार पडले. तेवढ्यात गाडी ठरल्याप्रमाणे आपली आपण निघाली आणि पडद्यावर पुढचे डावे चाक मातीत फिरताना दिसू लागले.

"चाक रुततंय! आत्ता हुकूम सुटला तर अजून वेळेत पोचेल, गाडी थांबवायला सांगा कुणीतरी!" बाई जीव तोडून ओरडल्या आणि त्यांना खरोखरच रडू कोसळले. हुकूम धाडणाऱ्याचे दोन्ही हात त्या वेळी अचूक माणसाच्या गळ्यात होते.

चाक आसापर्यंत गेले. संस्थेने गाडीला 'स्थिर निरीक्षण केंद्र' असा दर्जा बहाल केला. बाईंच्या आनंदाश्रूंची चित्रफीत मात्र जगभर गाजली. मूळ आवाज काढून तिच्यावर छानशी बासरी घातली होती. तुम्हीही ती पाहिलीत, डोळे टिपलेत, चार जणांना पाठवलीत. बाई एवढे काय ओरडत होत्या, हे मात्र तुम्ही अजून कुणालाही विचारलेले नाही.