उकंडरावांचं ग्रहविज्ञान

उंद्रीत उकंडरावांना कुणी सल्ला विचारत नसे. विचारायला सवडच मिळत नसे! प्रश्न तोंडातून निघायच्या आत उत्तर हजर. बैल कोणता घ्यावा, सुनेचं माहेरपण किती दिवसांचं असावं, भुईमुगाला माती कधी लावावी, सगळं ते बसल्या जागी सांगत. स्वतःचा भुईमूग दरवर्षी का बसतो, हे मात्र त्यांना कुणी विचारत नसे. गाव तसं सभ्य होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. उंद्रीची शाळा सातवीपर्यंत. उकंडरावांचा निवृत्ती सातवी पास झाला आणि चिखलीच्या हायस्कूलात आठवीत घालायचं ठरलं. त्या हायस्कूलात नवीनच टूम निघाली होती. बाकीचे विषय सगळ्यांना सारखे, पण एक विषय ज्याचा त्यानं निवडायचा. ऐच्छिक!

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उकंडरावांनी जाहीर करून टाकलं, "पोट्टा काय शिकंन हे म्या ठरवनार. ऐच्छिक म्हंजे बापाची इच्छा!"

"काय ठरवलं मंग?" गावातले मोठे शेतकरी महादेवराव म्हणाले. त्यांच्या शेतात सहा जोड्या बैल होते, म्हणून ते नेहमी बसून बोलत आणि बाकीचे उभ्यानं ऐकत.

"पाहा तं खरं! साऱ्या तालुक्यात कोनी शिकलं नाही असं शिकवतो."

जून महिन्यात बापलेक एसटीनं चिखलीला गेले. हायस्कूलचे कारकून खिडकीत बसले होते. त्यांच्या तोंडात पान होतं, आणि ते थुंकायला उठावं इतकं काही उकंडरावांचं काम मोठं नव्हतं. त्यांनी हनुवटी वर धरून, पान सांभाळत विषय सांगितले, "शेतकी, वाणिज्य, चित्रकला, ग्रुविग्यान."

शेतकी? ती तर घरीच होती. वाणिज्य म्हणजे दुकानदारी. चित्रं काढून कुणाचं पोट भरलं? पण शेवटचा शब्द ऐकला आणि उकंडरावांच्या अंगावर काटा आला. ग्रहविज्ञान! रशियाचा माणूस आभाळात फिरून आल्याचं त्यांनी पंचायतीच्या रेडिओवर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आता सरकार चिखलीत ग्रहांचं शिकवू लागलं! पोरगा सूर्य-चंद्राचा हिशोब करील, पाऊस कधी पडणार ते सांगील!

"ग्रहविज्ञान! हेच द्या!"

कारकुनांना पान गिळायची वेळ आली. "अहो, ते पोरींसाठी आहे."

"काऊन? पोरींलेच ग्रह लागतात अन् पोरांले लागत नाहीत काय?"

"लागत नाहीत असं कोण म्हणतं? पण पोरं घेत नाहीत."

"माहा घेते!"

आवाज ऐकून शेजारच्या खोलीतून कौशल्याबाई बाहेर आल्या. त्या हा विषय शिकवायच्या. पुण्याहून नव्यानंच आल्या होत्या आणि हवालदिल झाल्या होत्या. वर्ग चालू राहायला वीस मुलं लागत, आणि त्यांच्याकडे नावं आली होती एकोणीस. विसावं नाव मिळालं नाही तर वर्ग बंद. वर्ग बंद झाला तर निम्म्या मुलींचे बाप त्यांना शाळेतूनच काढणार, कारण 'तेवढा विषय आहे म्हणून पाठवतो' असं सांगूनच ते त्यांना दाखल करून गेले होते.

"तुम्ही खरंच मुलाला हा विषय देताय?" बाईंचा विश्वास बसेना.

"बाई, याच्यावाचून मानसाचं पान हालत नाही! सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत याचाच कारभार. अन् आपून लोक अडानीच राहतो!"

"लोक हसतील हो."

"हासू द्या! त्याईच्याच घरात बिघडलं की पयत येतील, सांगा बाप्पा काय करू म्हनून!"

बाईंचे डोळे भरून आले. "असा पालक मी आजवर पाहिला नाही," त्या कारकुनांना म्हणाल्या. "लिहा नाव. मुलगा नको असं नियमात कुठंय?"

निवृत्ती शेजारीच उभा होता. दारावरची 'गृहविज्ञान' ही पाटी त्यानं वाचली होती. त्यानं तोंड उघडलं. "बाबा, ते ग्रह नाही—"

"मोठे मानसं बोलतात तथी मधी बोलू नाही!"

निवृत्तीनं तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी तो घरी आला तेव्हा पंचायतीच्या ओट्यावर सगळे वाटच बघत होते. गुलाबराव दुकानदार तर दुकानाला कडी घालून आले होते.

"काय शिकवलं बे?"

"शिरा," निवृत्ती म्हणाला.

सगळ्यांनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडराव क्षणभर डगमगले, पण क्षणभरच. "बरोबर हाये! पूजा झाली असंन. शुभ कामाले परसाद लागतेच!"

"बाबा, पूजा नाही झाली. स्टोव्हवर—"

"जाय, हातपाय धू!"

निवृत्तीनं आणखी एकदा सांगून पाहिलं. पण खरं सांगायचं तर त्यालाही फार घाई नव्हती. एकोणीस मुलींत एकटं बसायला पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण वाणिज्यवाली मुलं तासभर जांभया देत, आणि तो तासाच्या शेवटी शिरा खाऊन तोंड पुसत बाहेर येई. आठ दिवसांत त्याला लाज वाटेनाशी झाली. भूक मात्र वाढली.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "उद्या धान्य नेयाचं हाये. गहू, तांदूळ, तूर, मूग, हरभरा, वाल, तीळ, उडीद, कुळीथ."

महादेवराव बोटांवर मोजत होते. ते एकदम ताठ बसले. "अरे, हे तं नवग्रहाचे धान्य!"

ओट्यावरचे सगळे उकंडरावांकडे नव्यानं बघू लागले. उकंडराव आभाळाकडे बघत होते.

"बाई म्हने, कोनत्या धान्यात किती ताकद असते ते शिकवनार," निवृत्ती म्हणाला.

"ताकद असनारच! शनीची ताकद मामुली असते काय?"

घरी निवृत्तीच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, धान्याच्या पुड्या बांधून दिल्या. त्यांना पहिल्यापासून शंका होती. एक दिवस त्या भाताची पेज ओतून द्यायला निघाल्या, तर पोरगा म्हणाला, "माय, फेकू नको. सत्त्व त्याच्यातच राह्यते. अन् भाजी चिरून धूत नको जाऊ, धुऊन चिरत जाय."

"ग्रहाइले भाजी कायले पाहिजे रे?"

मग निवृत्तीनं सगळं सांगितलं. मनकर्णाबाई पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की चुलीत घातलेली काडी तशीच विझली.

"सांगू काय बाबाले?" निवृत्तीनं विचारलं.

"तू सांगतलं नाही काय?"

"दोन-तीनदा सांगतलं. आयकतच नाहीत."

"माहं लगन झालं तवापासून आयकून नाही राह्यले. राहू दे! भाकर थापता येते काय तुले?"

त्या दिवसापासून संध्याकाळच्या भाकरी निवृत्ती थापू लागला, आणि मनकर्णाबाईंना बऱ्याच वर्षांनी दारात बसून शेजारच्या शालूबाईशी दोन शब्द बोलायला फुरसत मिळाली. अशी फुरसत कोण घालवील? त्याही गप्प बसल्या.

उकंडराव मात्र फुगत चालले होते. श्रावणात महादेवरावांच्या मनात विहीर खोदायचं आलं. उकंडराव म्हणाले, "पोराले इचारा. पानी कुठी हाये ते ग्रहच सांगतात."

निवृत्तीला ओट्यावर बोलावलं. अख्खं गाव गोळा झालेलं. पोरगा घामानं भिजला.

"सांग, पान्याचं काय ते," महादेवराव म्हणाले.

निवृत्तीला पाण्याचं एकच ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "पानी... उकळून प्यावं. गाळून घ्यावं. अन् पेल्यानं बुडवू नये, ओगराळ्यानं काढावं."

कुणी हसलं नाही. महादेवरावांनी डोळे मिटले. "लय खोल बोलला पोट्टा," ते म्हणाले. आणि घरी जाऊन त्यांनी खरंच पाणी उकळायला लावलं! आता महादेवरावांचं घर वीस माणसांचं. पावसाळाभर त्या घरात कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असायचं आणि लोटे घेऊन धावणाऱ्यांची रीघ लागायची. त्या श्रावणात ती रीघ थांबली. एकदम बंद! महादेवरावांनी विहिरीचा विचार सोडला आणि नारळ घेऊन उकंडरावांच्या दारी आले. "ग्रह फिरले हो आमचे," म्हणाले.

यानंतर उकंडरावांशी बोलणं कठीण झालं. ते चालताना मान अशी वर ठेवत की दोनदा शेणात पाय पडला.

हिवाळ्यात हायस्कूलचं प्रदर्शन भरलं. पालकांना आग्रहाचं बोलावणं होतं. उकंडरावांनी महादेवराव, गुलाबराव आणि आणखी चौघांना घेतलं आणि सातजणांची वरात एसटीनं निघाली.

"दुर्बीन असंन ना?" गुलाबरावांनी विचारलं.

"येक? गंज असतील! येकेका पोराले येक!"

हायस्कूलच्या मोठ्या खोलीत गर्दी होती. उकंडराव लोकांना बाजूला सारत पुढं गेले. "हाटा, हाटा, माहा पोट्टा हाये तथी!"

पोट्टा होता. गळ्यात फुलाफुलांचं एप्रन, बाह्या वर, समोर घमेल्यात पाणी, आणि हातात रबराची बाहुली. निवृत्ती तिला आंघोळ घालत होता!

"पह्यले पान्यात कोपर घालून पाहाचं," तो जमलेल्या बायांना समजावत होता. "कोपराले सोसलं तं लेकराले सोसते. अन् मानेखाली हात पाहिजेच."

उंद्रीचे सातजण खिळल्यासारखे उभे राहिले. महादेवरावांनी मान मागं करून वरची पाटी अक्षर अक्षर लावून वाचली. "गृ... ह... विज्ञान. उकंडराव, हे गृह म्हंजे घर हो! आभायातलं नाही, चुलीपासचं!"

उकंडरावांना वाटलं, त्या घमेल्यातच बुडून जावं. पण घमेलं लहान होतं. ते मागच्या मागं सटकणार, तेवढ्यात कौशल्याबाईंनी त्यांना पाहिलं.

"आले, आले! साहेब, हेच ते!"

साहेब म्हणजे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. बाईंनी उकंडरावांना धरून व्यासपीठावर नेलं. "लोक हसतील म्हटलं, तर म्हणाले, हसू द्या! घरच्या कामाशिवाय माणसाचं पान हलत नाही, मुलग्यांनीही ते शिकलंच पाहिजे, असं ठामपणे सांगणारे हे शेतकरी!"

टाळ्या! शिक्षणाधिकाऱ्यांनी झेंडूचा हार घातला. "दोन शब्द बोला," म्हणाले.

उकंडरावांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे शब्द नव्हते. "म्या..." ते म्हणाले. "म्या तं... पह्यलेच सांगतलं होतं." आणि खाली उतरले. टाळ्या आणखीच वाढल्या.

हार काढून तडक ते हेडमास्तरांच्या खोलीत. "पोराचा विषय बदला! आत्ताच्या आत्ता! शेतकी द्या."

"आता नाही बदलत."

"पन ऐच्छिक हाये ना? माही इच्छा बदलली!"

"उकंडराव," हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "लग्नात आणि शाळेत इच्छा एकदाच विचारतात."

दारात कौशल्याबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "तुम्ही शाळेतूनच त्याला काढलंत तर एकोणीस उरतील," त्या म्हणाल्या. "मग या मुलींचा वर्ग राहत नाही." त्यांच्या मागं मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात लाटणं होतं, ते तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

उकंडरावांनी त्या मुलींकडे पाहिलं, मग जमिनीकडे. इतक्यात बाहेरून महादेवरावांचा आवाज आला.

"ह्या बेसनाच्या पातोड्या कोनं केल्या?"

"निवृत्तीनं," एक मुलगी म्हणाली.

महादेवराव रस्सा भुरकत दारात आले. वाटी त्यांची तिसरी होती, हे मिशांवरून कळत होतं. "उकंडराव, पोट्टा राहू द्या इथीच. ग्रह आपल्याले खाता येत नाहीत."

गुलाबरावांनी मान डोलावली. बोलता येत नव्हतं, तोंड भरलेलं होतं.

निवृत्ती हायस्कूलातच राहिला. परतीच्या एसटीत उकंडराव खिडकीकडे तोंड करून बसले, आणि त्यांच्या मागं सहाजण पोट धरून हसत आले. पण गाव सभ्य होतं. दोन दिवस हसून झाल्यावर सगळ्यांनी, आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं ठरवून टाकलं. गुलाबराव तर आपल्या धाकट्या पोरासाठी पुढच्या वर्षीच्या जागेची चौकशीही करून आले.

पुढच्याच महिन्यात निवृत्तीला नवीन पाठ आला, आजारी माणसाची शुश्रूषा. घरातलं एक माणूस अंथरुणावर निजवून त्याचं सगळं करायचं होतं आणि तपासायला बाई स्वतः उंद्रीला येणार होत्या. मनकर्णाबाईंना वेळ नव्हता. म्हैस निजत नव्हती. उरले उकंडराव.

रविवारी सकाळी महादेवराव सहज आत डोकावले तर उकंडराव खाटेवर पडलेले! धडधाकट पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी, कपाळावर ओलं फडकं, उशाशी पेजेची वाटी आणि तोंडात थर्मामीटर.

"अरे बाप्पा! काय झालं उकंडराव? पडले काय? बैलानं मारलं काय?"

उकंडरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"बोलू नका बाबा," निवृत्ती म्हणाला, "मार्क जातील."

उकंडरावांनी तोंड मिटलं, आणि महादेवरावांना हातानंच खूण केली, बसा.