टिटवीचा लुकलुकता फलक

एका जंगलात, बाळांनो, एक ग्रामपंचायत होती. आता जंगलात गाव कुठून आलं, असं विचारू नका. पंचायत आधी येते, गाव मागाहून वसतं.

त्या जंगलातल्या नदीला एकच उतार होता. उतार म्हणजे पाणी उथळ असलेली जागा. दिवेलागणीला सगळे प्राणी तिथंच पाणी प्यायला यायचे. मगरही तिथंच यायची, पण पाणी प्यायला नव्हे.

काठावर एक टिटवी राहायची. मगर दिसली की ती ओरडायची. मग सगळे पळायचे आणि वाचायचे. पुढे वाचलेल्यांनीच तक्रार केली, की ही बाई फार कर्कश ओरडते.

टिटवी शहाणी. तिनं काजव्यांशी बोलणी केली आणि त्यांना वाळक्या सावरीच्या झाडावर अक्षरांच्या आकारात बसवलं. मगर आली की फलक लुकलुकायचा, 'मगर आहे'. मगर गेली की 'मगर नाही'. जंगलात नुकतीच साक्षरतेची मोहीम झाली होती, त्यामुळे तेवढं सगळ्यांना वाचता येत होतं. भेकरीण तर फलक वाचल्याशिवाय पिल्लाला पाण्यावर नेत नसे. त्याच्या थोरल्या भावाला तिनं त्याच उतारावर गमावलं होतं.

एकदा एक वानर फलक वाचत वाचत उडी मारायला गेला. फांदी हुकली आणि तो थेट सरपंचांच्या पाठीवर आदळला. सरपंच म्हणजे गवा. त्यांना सगळे आबा म्हणत.

"आबा, त्या लुकलुकण्यानं लक्ष जातं हो," वानर कंबर चोळत म्हणाला.

"कुणाला विचारून लावलाय तो?" आबा गरजले. वानर पडल्याचं त्यांना काही नव्हतं. आपल्याला न विचारता जंगलात काही चांगलं झालं, याचं होतं.

लगेच सभा बसली. ग्रामसेवक होते साळिंदर भाऊसाहेब. त्यांनी पाठीवरचा एक काटा उपटला आणि नियम लिहिले. फलक लुकलुकता कामा नये. त्याचा उजेड चंद्रापेक्षा जास्त नको, सबब अमावास्येला फलक बंद. आणि एकदा लावलेला मजकूर पुढच्या पौर्णिमेपर्यंत बदलायचा नाही.

"यातून वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या वगळा," आबा म्हणाले. त्यांचा वाढदिवस तोंडावर आला होता.

"अहो भाऊसाहेब," टिटवी काकुळतीला आली, "मगर काय पौर्णिमेपर्यंत एका जागी बसते? घटकेत असते, घटकेत नसते."

"मग तिला सांगा, काय ते एक ठरव म्हणून," भाऊसाहेब म्हणाले.

पंचायतीनं मगरीला तशी नोटीसही काढली. मगर म्हणाली, "मी पाण्यात राहते. पाणी पाटबंधारे खात्याचं. तुमची हद्द काठापर्यंत." आणि तिनं नोटीस घेऊन आलेला बेडूक खाऊन टाकला. बेडूक कंत्राटी होता, त्यामुळे पुढं काही झालं नाही.

टिटवीनं नाइलाजानं 'मगर आहे' लावलं. मगर नसतानाही कुणी पाण्याकडं फिरकेना. सगळ्यांच्या घशाला कोरड पडली. फलकामुळे जनतेत घबराट पसरते, असं पंचायतीचं मत पडलं. पौर्णिमेला भाऊसाहेबांनी स्वतः उभं राहून 'मगर नाही' लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी मगर आली. भेकरिणीचं पिल्लू पुढं होतं. जिवावरचं शेपटीवर निभावलं, बाळांनो. शेपटी गेलीच.

"टिटवीबाई, तुमचा फलक वाचूनच गेले हो मी," भेकरीण रडत म्हणाली. टिटवीच्या जिवाला ते फार लागलं. तिनं सगळे नियम पुन्हा वाचून काढले आणि एका ओळीवर थांबली.

दुसऱ्या दिवशी फलक झगमगला. 'मगरताईंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! ताई उतारावर हजर आहेत.' मगर गेल्यावर मजकूर बदलला. 'ताई दौऱ्यावर आहेत.' जनता काय समजायचं ते समजली.

भाऊसाहेब धावत आले. "वाढदिवस रोज कसा असेल?"

"वर्षातून एकदाच असावा, असं नियमात कुठं आहे?" टिटवीनं विचारलं. नियमात कुठंच नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं. फक्त आबा नाही समजले. फलकावर वाढदिवस दिसला, की शाल आणि नारळ घेऊन जातीनं जायचं, ही त्यांची जुनी रीत. मतं अशीच जमतात. ते नटूनथटून उतारावर आले.

"आबा, थांबा! तो इशारा आहे!" भेकरीण ओरडली.

"अगं, बारशाला अन् बाराव्याला न बोलावता जाणारा मी. इथं तर फलक लागलाय," असं म्हणून आबा पाण्यात उतरले.

शाल वर आली. नारळही वर आला. आबा आले नाहीत.

टिटवी श्रद्धांजलीची परवानगी मागायला गेली. "श्रद्धांजली सवलतीत बसत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सरपंचांची सही लागेल."

मग निवडणूक लागली. मगरीनं अर्ज भरला. दुसरा अर्ज आलाच नाही. रोज फलकावर झळकणारं नाव जंगलात एकच होतं. "काही काम असल्याशिवाय रोज शुभेच्छा लागतात का?" वानर सगळ्यांना पटवून सांगत होता. ताई बिनविरोध आल्या.

ताईंनी टिटवीला बोलावून घेतलं. "टिटवीबाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते नेहमीच असतं.

संध्याकाळी नवा मजकूर लागला. 'ग्रामसभा. स्थळ: उतार. सर्वांनी सहकुटुंब पाण्यात उपस्थित राहावे.' याला लुकलुकण्याची खास परवानगी होती.

टिटवीनं फलकाकडं पाठ फिरवली आणि पूर्वीसारखी ओरडायला लागली, अगदी घसा फुटेस्तोवर. भेकरीण थबकली आणि बिनशेपटीच्या पिल्लाला घेऊन माघारी पळाली. बाकीचे क्षणभर घुटमळले.

"फलकावर तर तसं काही नाही," वानर म्हणाला. आणि सगळे सभेला गेले.

तात्पर्य: धोक्याची सूचना लावायला परवानगी लागते, धोक्याला शुभेच्छा द्यायला लागत नाही. तेव्हा बाळांनो, शुभेच्छा देत जा. आणि टिटवीसारखं ओरडू नका, चारचौघांत बरं दिसत नाही.