सरगर सरांचं क्लोराइड

इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर एका पायात चप्पल घालून दुसरी शोधणारी चार माणसं दिसली, की समजावं, कुणाला तरी फिट आली होती आणि सरगर सर तिथं होते. आमच्याकडं फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावायची रीत आहे. जमलेला प्रत्येक जण आपली पुढं करतो. सर ती हिसकावतात आणि लांब भिरकावतात. एकदा एक चप्पल विट्याला निघालेल्या एसटीच्या टपावर गेली. मालक म्हणाला, "आवं सर, नवी हाय!" सर म्हणाले, "चपलेनं फिट थांबते, पुरावा हाय?"

सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे आटपाडीकडचे, मेंढपाळांच्या घरातले. आता निवृत्त होऊन थोरली बहीण हिराक्का हिच्याबरोबर आमच्या शेजारी राहतात. हिराक्कांना लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांनी कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. त्या थांबाव्यात एवढंच सरांना आयुष्यात हवं आहे. त्यासाठी ते मेंदूवरचं मिळेल ते वाचतात, आणि वाचलेलं दूधवाल्यालाही सांगतात.

मी पत्रकं वाटते. फिट म्हणजे करणी नव्हे, अंगात येणं नव्हे, मांत्रिकाकडं नेऊ नका, डॉक्टरकडं न्या. पहिल्या वर्षी वाटायचं, एक पत्रक वाचलं की गाव बदलेल. आता तीच पत्रकं भजीखाली दिसतात आणि मी मुकाट्यानं भजी खाते. सरांना मी व्याख्यानाला नेते, कारण दुसरं कुणी येत नाही. नेल्याचा पश्चात्ताप दर वेळी होतो. मी पत्रकावर छापलं होतं, 'मिरगी शंभर टक्के बरी होते.' सर व्यासपीठावर उभे राहिले आणि सभेला म्हणाले, "खोटं न्हाई चालणार. पुष्कळांची थांबते. काहींची न्हाई थांबत." मग खाली उतरून प्रत्येकाच्या हातातल्या पत्रकावरची ती ओळ पेनानं खोडत फिरले. मी रागानं लाल झाले. सर खोडतच राहिले.

त्यांचं व्याख्यान मला पाठ आहे.

"मेंदूत कालवा करणाऱ्या पेशी लय. त्यांना गप्प करणाऱ्या थोड्या. मेंढरांच्या कळपात राखणीची कुत्री असत्यात, तशा. आता या राखणदार पेशीच्या आत क्लोराइड साठू द्यायचं नसतं. ते बाहेर टाकायला पेशीच्या भिंतीत पंप हाय. पंप ढिला पडला की क्लोराइड आत तुंबतं. मग राखणदाराला 'बस' म्हणावं, तर ते उठून भुंकाय लागतं. कुत्रंच बिथरलं तर कळप कोण आवरणार? तो कालवा म्हणजे फिट." मग सर बोट वर करतात. "पण हे एक कारण. सगळ्यांचं हेच, असं मी म्हणणार न्हाई. अभ्यास चालू हाय."

कोरेगावजवळच्या एका वस्तीवर हे ऐकून एका आजीनं विचारलं, "सर, हे कलोराइड असतंय कशात?"

सर खरं बोलले. "मिठात."

सभा संपली. आठवड्यानं फोन सुरू झाले. "सर, पोरगं आळणी खाईना, काय करू?" फिट येणाऱ्या पोरांच्या आयांनी घरातलं मीठ बंद केलं होतं. एकीनं बरणी विहिरीत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून आम्ही पुन्हा तिथं. मे महिन्याचं ऊन. सर दारोदार ओरडत होते, "मीठ खावा! बिघडलाय तो पंप, मिठाची बरणी न्हाई!"

आजी उंबऱ्यात बसून म्हणाली, "मागल्या येळी तुमीच म्हनलासा की."

"मी मीठ सोडा म्हनलो न्हाई!"

"धरा बी म्हनला न्हाईसा."

सर पुढच्या दाराशी जाऊन ओरडले, "मीठ धरा!" मला हसायचंही त्राण उरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो. हिराक्कांनी मलाही जेवायला बसवलं. पहिला घास घेतला आणि मी म्हणाले, "आक्का, आमटीत मीठ राहिलं वाटतं."

"ऱ्हाईलं न्हाई गं. आठ दिस झालं, सोडलंय." त्या सरांकडं बघून हसल्या. "ह्यो आरशाफुडं भाषण घोकत हुता, तवा ऐकलं. म्हनलं, एवढं वाचतोय माझ्यापायी, आपुन मीठ तरी सोडावं."

आठ दिवस सर आळणी जेवत होते आणि त्यांना कळलं नव्हतं. पुस्तक वाचत जेवतात. त्यांचा घास हातातच राहिला. "आक्का, ह्या गोळ्या, वर हे ऊन, आन् मीठ बंद? अगं, सोडियम उतरंल, त्यानंच फिट…"

हिराक्कांच्या हातातली पळी पडली, मागोमाग त्याही.

मी फिटवर कितीतरी पत्रकं लिहिलीत. त्या घरात मी नुसती भिंतीला टेकून उभी राहिले. सरांनी त्यांना कुशीवर वळवलं, आपला टॉवेल डोक्याखाली सारला, घड्याळ बघत राहिले. झटका थांबला. मी दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली.

फिटनंतर हिराक्का काही वेळ भलत्याच काळात असतात, हे मी ऐकून होते. त्यांनी डोळे उघडले आणि बारीक, पोरीच्या आवाजात विचारलं, "मेंढरं आली का रं, बिरू?"

सर त्यांच्या केसांत अडकलेला भाकरीचा तुकडा काढत होते. "आली, आक्का."

"समदी?"

"समदी."

"आन् आई?"

त्यांची आई जाऊन किती वर्षं झाली, ते मला ठाऊक नाही. सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी रिक्षा आली का ते बघायला दाराकडं वळले.

"आई मागनं येतीय," सर म्हणाले. "कोकरू कडंवर घेतलंय तिनं. म्हनून जरा येळ लागतोय."