रोनितचा गहू बंद

कणकेचा अख्खा डबा उचलून समिधा समोरच्या हाफिजाचाचीच्या दारात ठेवून आली, तेव्हा तिची आई रुपाली हातात लाटणं धरून नुसती बघत राहिली. परातीत मळलेला गोळा होता. पाठोपाठ तोही गेला.

"अगं, आजच्या दिवस तरी लाटू दे!"

"आई, तू त्याला विष लाटून देणारेस का?"

'विष' म्हटल्याबरोबर सहा वर्षांचा रोनित सोफ्यावर उठून बसला. "पॉइझन? रिअली?"

"रिअली," समिधा म्हणाली. तिला कुठे माहीत होतं, की हा एक शब्द पुढे तिलाच गिळावा लागणार आहे!

रोनितचं पोट कित्येक महिने कुरकुरत होतं. खाल्लं की फुगायचं, दुखायचं, आणि उंची अशी खुंटलेली, की वर्गाच्या फोटोत तो दरवर्षी पहिल्या रांगेत अगदी टोकाला. म्हणून त्या दिवशी त्याला बिल्डिंगखालच्या क्लिनिकमध्ये नेलं होतं. डॉक्टर इजिप्तचे. त्यांचं इंग्लिश असं सुसाट, की रुपाली मान डोलवायची आणि समिधाकडे बघायची. आखातातल्या या मोहम्मद बिन झायद सिटीत आल्यापासून बँकेत, शाळेत, क्लिनिकमध्ये घरातर्फे समिधाच बोलायची. त्यातून नववीत गेल्यापासून तिला असा काही कंठ फुटला होता, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं.

डॉक्टर म्हणाले, "पॉसिबल सिलिअ‍ॅक. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यांना त्रास होत असेल. रक्त तपासावं लागेल." झालं! समिधाने टेबलाखाली मोबाइल उघडला आणि सिलिअ‍ॅक शोधून वाचायला लागली. डॉक्टर पुढे बरंच काही बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "ओके?"

"ओके डॉक्टर, शुअर!" समिधा ठणकावून म्हणाली.

लिफ्टमध्ये रुपालीने विचारलं, "शेवटी बोट हलवून हलवून काय सांगत होते गं ते?"

समिधाला पत्ता नव्हता. पण तिने नुकतीच तीन पानं वाचली होती.

"काय सांगणार? गहू बंद!"

मोठ्या हॉस्पिटलमध्ये पोटाच्या डॉक्टरांची आणि रक्ताच्या टेस्टची तारीख महिन्याभराने मिळाली. तोवर घर समिधाच्या ताब्यात. ब्रेड गेला, शेवया गेल्या, रवा गेला. मग एका संध्याकाळी तिने हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचली आणि किंचाळली, "आई! हिंगात मैदा आहे!"

"हिंगात?" रुपालीचा विश्वास बसेना. "अगं, चिमूटभर तर घालते!"

"चिमूटभर विषसुद्धा विषच असतं!"

हिंगही गेला. नंतर बिनहिंगाच्या वरणाने बाबांच्या, म्हणजे परेशच्या पोटात जो धुमाकूळ घातला, त्याचं वर्णन न केलेलं बरं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते खुर्ची मागे मागे सरकवत एकदा दारापर्यंत पोचले. "एका पोराचं पोट बरं करताना बापाचं बिघडवू नका," ते कळवळून म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

मग समिधाने बिल्डिंगच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. रोनितच्या आसपास कृपया कुणी गव्हाचं काही खाऊ नये, त्याला मोह होतो. बिल्डिंग सगळी भल्या माणसांची. लिफ्टमध्ये पोरं बिस्किटं पाठीमागे लपवायला लागली. पण कहर झाला तो यम्नाच्या वाढदिवसाला. यम्ना ही हाफिजाचाचीची धाकटी, रोनितच्याच वर्गातली. तिच्यासाठी तीन मजली गुलाबी केक ठरला होता. समिधाने चाचीला अर्धा तास समजावलं. चाची मूळची रत्नागिरीची. ती म्हणाली, "खलास गो, ठरलं! पोराच्या तब्येतीपेक्षा केक मोठा आहे काय?" आणि तिने तांदळाच्या रव्याचं गुळातलं सांदण वाफवलं. त्या पिवळ्याजर्द सांदणावर मेणबत्ती लावली, आणि यम्नाने ती फुंकून नाही, रडून विझवली.

आणि गंमत म्हणजे रोनितचं पोट खरंच दुखायचं थांबलं! मग काय विचारता? समिधा बिल्डिंगमध्ये अशी चालायची, की जणू तिच्याच नावाची पाटी क्लिनिकवर लागणार आहे.

ठरल्या दिवशी सगळं कुटुंब हॉस्पिटलात गेलं. डॉक्टरबाई हैदराबादच्या निघाल्या. त्या थेट रुपालीशीच हिंदीत बोलायला लागल्या, त्यामुळे समिधाला कामच उरलं नाही.

"अभी रोटी, ब्रेड सब खाता है ना?"

"नहीं नहीं," रुपाली अभिमानाने म्हणाली. "महिनाभर गेहूं एकदम बंद!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "बंद? किसके कहने पर?"

रुपालीने समिधाकडे पाहिलं. परेशने पाहिलं. रोनितनेही पाहिलं आणि छाती फुगवून सांगितलं, "माय सिस्टर!"

मग बाईंनी शांतपणे समजावलं. पोटात गहू गेला, तरच शरीर त्याच्यावर चिडतं, आणि ती चीड रक्तात दिसते. गहूच नाही तर रिपोर्ट साफ येऊ शकतो आणि आजार असूनही पोरगा ठणठणीत ठरतो. आता निदान दीडेक महिना त्याला रोज गहू खायला घालायचा, मगच टेस्ट. "पहले डॉक्टर ने तो बोला होगा, टेस्ट तक कुछ मत बदलना?"

ते हलणारं बोट समिधाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिचे कान इतके तापले, की एसीचा काही उपयोग होईना. परतताना खलिफा सिटीच्या सिग्नलला परेश हळूच म्हणाले, "म्हणजे हिंग घालता आला असता."

घरी आल्यावर समिधा डबा परत आणायला समोर गेली.

"चाची, ते... नवीन रिसर्च आलंय. गहू खायचा म्हणे."

"एका महिन्यात नवीन?" चाचीने भुवया उंचावल्या.

"हो. फास्ट आहे."

चाचीच्या मागे यम्ना हाताची घडी घालून उभी होती. समिधाने तिच्याकडे न बघता डबा उचलला.

रुपालीने गरम पोळी केली, वर तूपसाखर. रोनितने ती पाहिली आणि खुर्चीवर चढला. "नो! इट्स पॉइझन!"

"अरे राजा, डॉक्टरांनीच सांगितलंय," रुपाली म्हणाली.

"ताई नोज बेटर!"

परेशने विमान करून घास नेला, तर रोनित दार उघडून थेट हाफिजाचाचीकडे पळाला आणि तिच्या ओढणीत शिरला. "दे आर पॉइझनिंग मी!" ताट घेऊन समिधा मागोमाग. चाचीच्या हॉलमध्ये सगळे जमले.

"ताई, टेल देम!" रोनित ओरडला. त्याचा सगळा भरवसा तिच्यावर होता, आणि तोच तिला सोसवेना.

"रोनित, पोळी विष नाहीये. मी..." आता नवीन रिसर्च काही सुचेना. "डॉक्टर काय सांगत होते ते मी ऐकलंच नव्हतं. मी मोबाइल बघत होते. आईने विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं."

चाचीने ओढणी तोंडावर धरली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

"सो आय कुड हॅव हॅड माय केक?" यम्नाने विचारलं.

"हो."

"पिंक वन?"

"हो गं बाई, पिंक!"

रोनित मात्र हसला नाही. "विल माय टमी पेन अगेन?"

"दुखेल. बहुतेक." समिधाचा आवाज एवढासा झाला.

"बिकॉज ऑफ यू?"

समिधाने होकारार्थी मान हलवली. रोनितने थोडा विचार केला, पोळीचा तुकडा तोडला आणि तिच्याकडे टक लावून बघत चावायला लागला. प्रत्येक घासाला तसाच बघत होता. अख्खी पोळी संपेपर्यंत.

दोनेक दिवसांनी, दुपारी शाळेतून आल्या आल्या तो पोट धरून बाथरूममध्ये शिरला. समिधा दप्तर न काढताच बाहेर फरशीवर बसली.

"ताई?" आतून कण्हत आवाज आला.

"इथेच आहे."

"से सॉरी."

"सॉरी."

"अगेन."

"सॉरी, रोनित."

"लाउडर!"

"सॉरी!" इतक्या जोरात, की स्वयंपाकघरातून रुपाली डोकावून गेली.

समिधा पुढच्या हुकमाची वाट बघत राहिली. शेवटी तिला राहवलं नाही.

"सॉरी," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली.

"आय डिडन्ट आस्क!"

"माहितेय," समिधा म्हणाली, आणि दाराला पाठ टेकून तशीच बसून राहिली.